धुरपताबाईंची राहिलेली दोन घरं

धुरपताबाई गुंडाप्पा कोळेकर, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव, व्यवसाय मूल सांभाळणे, यांची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी, दूध कोमट करण्यापुरती. पश्चिमेस झोपायची खोली, मूल आत असेल तरच. दक्षिणेस तुळशीची कुंडी व कपडे वाळत घालायची तार. उत्तरेस लोखंडी फाटक, कायम बंद. सदर हद्दीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत शांतपणे वहिवाट करावी. हद्दीबाबत उभय पक्षांत वाद नाही.

असा कागद कुणी केलेला नव्हता. पण करिश्माच्या डोक्यात तो होता, आणि तिच्या डोक्यातले कागद याच भाषेत असतात. ती मोजणी खात्यात भूकरमापक आहे. ज्या दोन शेजाऱ्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, त्यांच्या मधोमध उभं राहून बांध कुठून जातो ते सांगायचं, तिथं दगड रोवायचा आणि गाडीत बसायचं, हे तिचं काम. नंतर दगड सरकतात, पण ते तिच्याकडे येत नाही, पोलिसांकडे जातं. ती कुणाच्याही शेतात चहा घेत नाही. पाण्याची बाटली घरून नेते. एकाचा चहा घेतला की दुसरा अर्ज करतो, हे तिला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं.

तिचा नवरा कुमार ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि दर विज्ञान दिनाला वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण करतो. भाषण चांगलं असतं. दरवर्षी तेच असतं. त्यांची मुलगी सृष्टी दीड वर्षाची. तिला सांभाळायला धुरपताबाई बेंबळीहून रोज वडापच्या जीपनं धाराशिवला येतात.

धुरपताबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा गुंडाप्पा अजूनही वर्षातले आठ महिने कळप घेऊन वाटेवर असतो, कुठं असतो ते फोन लागला तर कळतं. बाईंची लेकरं घोड्यावरच्या सामानात, कोकरांच्या शेजारी बांधून वाढली. गुडघ्यांनी चढउताराला नकार दिला म्हणून बाई गावात थांबल्या. सपाटीवर मात्र त्या अजून दिवसभर चालतात. बसून राखायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्यामुळं सृष्टी त्यांच्या खांद्यावर असायची आणि त्या चालत असायच्या. हॉलमधून व्हरांडा, व्हरांड्यातून हॉल. करिश्मानं हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता. शेतात रोव्हरचा, म्हणजे उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राचा, खांब धरून ती मोबाईलमध्ये पाहायची, तर बाई उजवीकडून डावीकडं जाताना दिसायच्या, जरा वेळानं डावीकडून उजवीकडं. बघूनच करिश्माचे पाय दुखायचे.

"मावशी, जरा बसत जा की."

"बसलं की लेकरू उठतंय, ताई."

हे खरं होतं. सृष्टी खाटेवर झोपायची नाही, चालत्या खांद्यावर झोपायची.

दिवाळी होऊन थंडी पडली, तेव्हा एका दुपारी सृष्टीचं अंग भाजायला लागलं आणि डोळे फिरले. कुमार वर्गात होता, मोबाईल स्टाफरूममध्ये. करिश्मा त्या दिवशी भूम तालुक्यात, ईटच्या शिवारात मोजणीला होती आणि तिथं रेंज नव्हती. धुरपताबाईंनी फाटकातून हाका मारून ऑटो थांबवला, लेकराला पदरात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. कुमार पोचला तेव्हा सलाईन चालू होतं. करिश्मा पोचली तेव्हा ताप उतरला होता आणि सृष्टी नर्सच्या पेनाची टोपी चावत होती. तापातला झटका होता, लहान मुलांना येतो, भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. करिश्मानं बाईंना लुगडं घेतलं. बाईंनी ते घडी करून पिशवीत ठेवलं.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती ऑटोत झाली. धुरपताबाई तुळजापूरच्या आईला बोलल्या होत्या : लेकरू शुद्धीवर येऊ दे, मंगळवारी त्याला कडेवर घेऊन पाच घरचा जोगवा मागते, त्या पिठाची भाकरी करून तुला दाखवते आणि त्याला चारते. डॉक्टरांचं औषध आणि हे बोलणं साधारण एकाच वेळी लागू पडलं. त्यांतलं कोणतं, हे ठरवायला कुणी बसलं नाही.

पुढच्या एका मंगळवारी बाईंनी नवं लुगडं नेसलं, घरून आणलेली वेताची परडी घेतली, सृष्टीच्या कपाळाला हळद लावली आणि कॉलनीत निघाल्या. पहिल्या घरी पीठ मिळालं, दुसऱ्या घरी मिळालं. तिसरं घर समोरच्या महेश्वरी काकूंचं. काकूंनी ओंजळभर वाढलं, पाया पडल्या आणि मग मोबाईल काढला. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पडला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या कॉलनीतली छोटी जोगतीण', आणि पुढं जोडलेले हात.

करिश्मा तेव्हा दोन गटनंबरांच्या मधे उभी होती. फोटोखाली आणखी हात जुळत चालले होते. एकीनं विचारलं होतं, 'सोडली की काय देवीला? सर तर विज्ञानवाले ना?'

तिनं फोन लावला.

"मावशी, कुठं आहात?"

"काकूंच्या दारात. अजून दोन घरं..."

"आहे तिथून घरी जा. आत्ता. फाटक लावून घ्या."

बाई परत फिरल्या. जोगवा अर्ध्यात सोडून घरी येणारी बाई त्यांनी स्वतः तोवर पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी बैठक झाली. कुमार कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मोबाईलमध्ये खूप काम असल्यासारखा.

"विचारायचं तरी होतं, मावशी."

"सरांला इच्यारलं की."

सरांनी वर पाहिलं. "मला? कधी?"

"तुमी लाल पेन घिऊन पेपर तपासत बसला व्हताव. म्या म्हणलं, सर, देवीला बोललेय, लेकराला घिऊन पाच घरं मागून आणते. तुमी म्हणलाव, हो हो, आणा."

कुमारनं चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, विरजण मागायला चाललात."

"पाच घरचं?" करिश्मा म्हणाली.

कुमार पुन्हा मोबाईलमध्ये गेला. करिश्मा बाईंकडं वळली. तिचा आवाज शेतातल्यासारखा झाला होता, दोन्ही बाजूंना सारखा ऐकू जाईल असा.

"माझ्या मुलीचा नवस बोलायचा तर मी बोलेन. तुम्ही कशाला बोललात?"

"तुमी नव्हताव तिथं."

यात टोमणा नव्हता. आज वडाप लवकर भरलं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"लेकरू माझ्या कडेवर व्हतं," बाई पुढं म्हणाल्या. "डोळं पांढरं केलं व्हतं त्येनं. तुमचा फोन लागायची वाट बघत बसले असते का?"

सृष्टी दोघींच्या मधून दुडदुडत गेली आणि परडीत हात घालून तिनं पीठ तोंडाला फासलं. बाईंनी चटकन परडी उचलली. जरा वेळानं करिश्मानं हद्द कायम केली. मुलीला फाटकाच्या बाहेर न्यायचं नाही. तिच्या नावानं कुठल्याही देवाला काही बोलायचं नाही. दवाखान्याची गोष्ट वेगळी.

"व्हय," बाई म्हणाल्या. "आन् राहिलेली दोन घरं?"

"राहू द्या ती."

"ऱ्हात न्हाईत, ताई, ती."

तीन घरचं पीठ स्टीलच्या डब्यात गेलं आणि डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथून तो सगळ्यांना दिसत होता. धुरपताबाई त्याची भाकरी करू शकत नव्हत्या, कारण पीठ पाच घरचं झालेलं नव्हतं. करिश्माचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण डबा रिकामा करायला ती धजत नव्हती. एका रविवारी कुमार म्हणाला, "धिरडी करून टाकू, विषय संपवू."

"कर की. तू कर."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, बघितलं, लावलं. वैज्ञानिक दृष्टिकोन खिडकीपर्यंत जाऊन परत आला.

त्यानंतर त्या घरात कुणी नीट बसलं नाही. सृष्टीला जरा शिंक आली की करिश्माची नजर खिडकीकडं जायची, आणि आपली नजर तिकडं गेली म्हणून ती स्वतःवरच चिडायची. शेतात तिचं लक्ष मोबाईलमध्ये असायचं. एकदा तिनं दुसऱ्याच गटाच्या कोपऱ्यावर खांब उभा केला आणि ज्याचं शेत नव्हतं तो शेतकरी आनंदानं पाहत राहिला. आज मंगळवार, बाई दोन घरं उरकून घेतील, नाही सांगायच्या, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, नाही, तशा नाहीत. मग वाटायचं, नवस बोलल्या तेव्हा तरी कुठं सांगितलं. सांगितलं होतं, कुमारला. म्हणजे नव्हतंच सांगितलं.

बाई दर मंगळवारी सकाळी चपला काढता काढता म्हणायच्या, "ताई, दोन घरं ऱ्हायलीत."

"मावशी, झालंय ते बोलणं."

"व्हय. सांगून ठिवलं."

बाकी काही नाही. तक्रार नाही, रुसवा नाही. फक्त त्यांचं चालणं वाढलं. कॅमेऱ्यात त्या आता पूर्वीपेक्षा लवकर लवकर ये-जा करायच्या.

मग एका मंगळवारी कॅमेऱ्यात कुणीच दिसेना. करिश्मा ऑफिसात नकाशे लावत होती. तिनं वाट पाहिली. हॉलमधलं पंख्याचं पातं, सोफा, सृष्टीचा एक मोजा. बाईंचा फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. साहेबांना पोट दुखतंय असं सांगून ती स्कूटीवर निघाली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली. मावशी, उद्यापासून येऊ नका. मावशी, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता. दुसरं वाक्य तिला जरा नाटकी वाटलं, म्हणून पहिलंच ठेवलं.

फाटकापाशी तिनं स्कूटी बंद केली. धुरपताबाई अंगणात होत्या. सृष्टी खांद्यावर झोपलेली. बाई तुळशीपासून फाटकापर्यंत यायच्या, फाटकाच्या आत हातभर अंतरावर वळायच्या आणि पुन्हा तुळशीकडं. अंगणात मुरूम टाकलेला होता. त्यात पायवाट पडली होती, नांगराच्या तासासारखी सरळ, आणि फाटकाशी वळलेली.

समोरून महेश्वरी काकू ओरडत होत्या, "अहो बाई, उन्हात काय येरझाऱ्या घालताय! इकडं या की सावलीत, चहा टाकते."

"नगं काकू. फाटकाच्या भाईर यायचं न्हाय."

"आणि आलात तर?"

"यायचं न्हाय म्हणल्यावर यायचं न्हाय."

तेवढ्यात काकूंना करिश्मा दिसली. "काय गं करिश्मा! दावणीला बांधल्यासारखी बाई ठेवलीस की!"

करिश्मानं जुळवलेलं वाक्य गिळलं. ती आत आली. तिला हायसं वाटलं आणि त्याच्या मागोमाग जे वाटलं, त्याला तिच्या खात्यात शब्द नव्हता.

"मावशी, फोन का नाही उचलला?"

"घरात ऱ्हायला. लेकरू आत झोपंना, म्हणून हितं आणलं. आत म्हंजी फाटकाच्या आतच की." मग त्या थांबल्या. थांबलेल्या धुरपताबाई करिश्मानं क्वचितच पाहिल्या होत्या. "ताई, तुमी दुसरी बाई बघा."

"का? काही कमी पडतंय का?"

"कमी न्हाय. दोन घरं जास्त हायती. लेकराला उचललं की तीच दिसत्यात. पिठाची विरी चाललीया, अजून चार दिस गेले की भाकरी थापाया घेतली तर तुटंल. मग बोललेलंबी गेलं. येवढं वझं घिऊन दुसऱ्याचं लेकरू सांभाळणं व्हत न्हाय मला. उद्या त्येला काय झालं, तर तुमी म्हणचाल डॉक्टर. म्या काय म्हणू?"

जा, मागून या दोन घरं, असं म्हणायला करिश्माला एक श्वास लागला असता. पण काकू त्यांच्या फाटकाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात मोबाईल होता.

"बघू," ती म्हणाली.

बाई संध्याकाळच्या वडापनं गेल्या. परडी नेली. डबा ठेवला. "लेकराचं हाय, म्या कसं नेऊ?"

करिश्मानं रजा टाकली. दिवसभर सृष्टी रडली. करिश्मानं तिला खांद्यावर घेऊन चालून पाहिलं, हॉलमधून व्हरांडा, व्हरांड्यातून हॉल. चार फेऱ्यांत तिचा खांदा गेला. दुसरी एक बाई बघून गेली. चांगली होती, बसून सांभाळणारी. सृष्टीनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

पुढच्या मंगळवारची मोजणी मात्र टळणार नव्हती. दोन्ही पक्षांना नोटिसा गेल्या होत्या, आणि गाव होतं बेंबळी. हिंमतराव आणि बजरंग, सख्खे भाऊ, शेतवस्तीवर पाठीला पाठ लावून दोन घरं, मधल्या बांधावरून बोलणं बंद. कुमारची प्रात्यक्षिक परीक्षा होती. करिश्मानं गाडीत रोव्हरशेजारी सृष्टीला मांडीवर घेतलं. पायाशी पिशवी होती. पिशवीत दुधाची बाटली, कपडे आणि स्टीलचा डबा.

धुरपताबाई घराच्या दारात शेळीला पाला टाकत होत्या.

"मावशी, आजचा दिवस सांभाळता का?"

"आणा," त्या म्हणाल्या, आणि सृष्टी त्यांच्याकडं झेपावली. "पर हितं फाटक न्हाय बरं का."

बाई शेतावर बरोबर आल्या आणि मोजणी चालली तोवर लेकराला घेऊन हरभऱ्याच्या कडेकडेनं हिंडत राहिल्या. दोघे भाऊ खांबामागून खांबाकडं पळत होते, एकमेकांकडं न बघता. बांध अखेर दोघांच्याही म्हणण्यापेक्षा तिसरीकडूनच निघाला. करिश्मानं दगड रोवला, सह्या घेतल्या. नेहमीप्रमाणे चहा आला, दोन घरांतून दोन. नेहमीप्रमाणे तिनं घेतला नाही. गाडीपर्यंत गेली. पिशवीतून डबा काढला. मग बाईंकडं येऊन म्हणाली, "द्या तिला."

मुलगी कडेवर, डबा हातात, अशी ती हिंमतरावाच्या दारात उभी राहिली. काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक होतं, लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण तोंडातून निघेना.

"पीठ पाहिजे होतं," ती म्हणाली. "मूठभर. हिच्या नवसाचं. जोगवा."

हिंमतरावानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं, मग दगडाकडं. "साहेब, काय द्यायचं-घ्यायचं असंल तर उघड सांगा."

"अवं सरा बाजूला!" आतून त्याची बायको आली. "मंगळवार हाय, दारात लेकरू हाय, आन् तुमचं काय?" तिनं ओंजळभर पीठ डब्यात टाकलं, सृष्टीच्या पायाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "आई राजा उदो उदो." करिश्माही म्हणाली. हळूच.

ती घराला वळसा घालून पलीकडं गेली, तर बजरंग आधीच दारात उभा.

"तिकडं काय दिलं त्येनी?"

"पीठ."

"कशाचं?"

"ज्वारीचं."

"आमी गव्हाचं देतो. दोन पायली. गाडीत टाकू का?"

"ज्वारीचंच द्या रं बाबा," मागून धुरपताबाई म्हणाल्या. "मूठभर. भाकरी करायची हाय, लगीन न्हाय."

घरी परतून बाईंनी चूल पेटवली. जुनं पीठ, नवं पीठ एकत्र मळलं. भाकरी कडेनं फाटली, पण उलथताना तुटली नाही. देवीला दाखवून झाल्यावर सृष्टीनं एक घास खाल्ला, दुसरा थुंकला आणि उरलेली शेळीपुढं धरली. करिश्मा ओट्यावर बसून होती. बाईही बसल्या. लेकरू उठून चालायला लागलं, तरी बसून राहिल्या.

"मावशी, पुढं कधी नवस बोलायचा झाला तर मला आधी फोन करायचा."

"रेंज नसली तर?"

करिश्मानं विचार केला. "सरांना सांगा."

"सर हो हो म्हणत्यात."

"मग बोला. पण मला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

"तुमच्या दारात पाय ठिवला की पयलं त्येच सांगंन. आन् तुमीबी एक करा. त्या क्यामेऱ्यातनं म्या उजवीकडं गेले का डावीकडं, ते बघत ऱ्हाऊ नगा. चक्कर येतीया मला."

बुधवारी धुरपताबाई वडापनं आल्या. कॅमेरा हॉलमध्येच आहे, मात्र त्याचं तोंड आता खिडकीकडं आहे. बजरंगनं मोजणीवर हरकत घेतली. त्यात दगडाबद्दल बरंच आहे, पिठाबद्दल एक शब्द नाही. महेश्वरी काकूंना पाच घरं पुरी झाल्याचं अजून कळलेलं नाही, आणि याचं करिश्माला जरा जास्तच समाधान आहे.

सबब, धुरपताबाई गुंडाप्पा कोळेकर यांची चतुःसीमा पूर्ववत कायम करण्यात येत आहे : पूर्वेस शेगडी, पश्चिमेस झोपायची खोली, दक्षिणेस तुळस व तार, उत्तरेस लोखंडी फाटक, कायम बंद.

फाटकाची कडी पावसाळ्यातच मोडली होती. अजून बसवलेली नाही.